आपले कार्ड गिऱ्हाइकाच्या खिशात नको, कामाच्या जागी हवे
छोट्या धंद्यासाठी व्हिजिटिंग कार्डाचे काही नवे उपयोग

आपल्यातील पुष्कळ घराण्यांचा धंदा त्यांच्या आडनावातच लिहिलेला आहे. अत्तार, मणियार, पिंजारी, शिकलगार, बागवान, तांबोळी ही आडनावे म्हणजे एका काळची व्हिजिटिंग कार्डेच होती. गावात "मणियारांचे घर कोठे?" असे विचारले की बांगड्यांचे दुकान सापडायचे. गादी पिंजायची असेल तर पिंजारी आळीत जायचे, सुरीला धार लावायची असेल तर शिकलगाराकडे. कार्ड छापण्याची गरजच नव्हती, कारण गाव लहान होते आणि माणूस ओळखीचा होता.

आज तसे राहिले नाही. अत्ताराचा मुलगा रिक्षा चालवतो, पिंजाऱ्याचा मुलगा फ्रिज दुरुस्त करतो आणि गिऱ्हाईक पाच मैलांवरच्या नव्या वसाहतीत राहते. आडनाव धंदा सांगत नाही आणि गल्ली कोणाला ठाऊक नाही. मग आपला कारागीर काय करतो? छापखान्यात जाऊन एक हजार कार्डे छापून आणतो. पहिल्या आठवड्यात भेटेल त्याला वाटतो, उरलेली गल्ल्याखाली ठेवतो. दोन वर्षांनी मोबाईलचा नंबर बदलला की तो गठ्ठा रद्दीत जातो.

यात कार्डाचा दोष नाही, ते कोठे आणि कशासाठी द्यायचे याचा विचार न करण्याचा दोष आहे. या लेखात तोच विचार करू.

खरे नुकसान कोणते?

सोफा करणाऱ्या एका कारागिराचे उदाहरण घ्या. त्याने एका घरात सोफा करून दिला. काम चोख होते. पाहुणे येतात, बसतात, हात फिरवून विचारतात, "कोणी केला हो?" घरमालक म्हणतो, "होते एक चाचा, नंबर कोठेतरी होता." झाले! बारा वर्षे तो सोफा त्या घरात कारागिराची जाहिरात करत उभा आहे, पण त्या जाहिरातीवर नाव नाही. काम ज्या दुकानदारामार्फत मिळाले त्याचे नाव सर्वांना माहीत असते. ज्याच्या हाताने काम झाले तो मात्र वर्षानुवर्षे मजुरीवरच राहतो. कारागिराचे सर्वांत मोठे नुकसान हेच. ते हिशेबाच्या वहीत कधीच दिसत नाही, म्हणून कोणी मोजतही नाही.

तोच कारागीर सोफ्याच्या बैठकीखाली, आतल्या लाकडाला एक कार्ड नीट चिकटवून गेला असता तर? त्यावर नाव, फोन, काम केल्याची तारीख आणि कापडाचा प्रकार. पाहुण्याने विचारले की मालक गादी उचलून नंबर वाचून दाखवेल. दहा वर्षांनी कापड बदलायचे झाले तरी फोन त्यालाच जाईल.

म्हणून पहिला धडा असा: कार्ड हातात दिले की हरवते. जेथे आपली गरज पुन्हा पडणार आहे तेथे ते राहिले पाहिजे.

ही युक्ती जुनीच आहे

सतराव्या-अठराव्या शतकातील लंडनमध्ये घरांना आजच्यासारखे क्रमांक नव्हते. तेथील दुकानदार छापील पत्रके ठेवत. त्यावर दुकानाच्या पाटीचे चित्र, मालाची यादी आणि दुकान कोठे आहे याची खूण असे. गिऱ्हाइकाने माल घेतला की पुष्कळदा त्याच कागदाच्या पाठीवर हिशेब लिहून दिला जाई. हिशेबाचा कागद कोणी फेकत नाही, त्यामुळे दुकानाचे नावही घरात राही.

यातली मेख ध्यानात घ्या. ज्या कागदाचा गिऱ्हाइकाला स्वतःला उपयोग आहे, तोच ते जपून ठेवते. आपले नाव जपण्यात त्याला काही रस नसतो, त्याच्या कामाची माहिती जपण्यात असतो. म्हणून कार्डाच्या पुढच्या बाजूला आपले नाव आणि मागच्या बाजूला गिऱ्हाइकाच्या कामाची गोष्ट, अशी वाटणी करा.

धंद्याप्रमाणे मागची बाजू

रंगारी: घर रंगवून झाले की कार्डाच्या मागे कंपनीचे नाव, रंगाचा शेड क्रमांक, कोणत्या खोलीत कोणता रंग आणि तारीख लिहा. ते कार्ड कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवा. सहा महिन्यांनी भिंतीला ओरखडा पडला की मालकाला तोच रंग हवा असतो आणि शेड क्रमांक कोणाच्याच लक्षात नसतो. तो जेथे सापडेल तेथेच तुमचा फोन नंबर आहे.

सुतार: कपाटाच्या किंवा खणाच्या आतल्या बाजूला कार्ड लावा. त्यावर प्लायची जाडी, बिजागरीचे माप आणि पॉलिशचा प्रकार लिहा. बिजागरी तुटली की गिऱ्हाईक नेमके माप सांगून तुम्हालाच बोलावील आणि तुमची एक चक्कर वाचेल.

गॅरेजवाला: तेल बदलले की कार्डाच्या मागे आजचे किलोमीटर आणि पुढच्या वेळचे किलोमीटर लिहा. गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात ते ठेवून द्या. फ्रिज, कूलर किंवा पाण्याची मोटार दुरुस्त करणाऱ्याने कागदी कार्डाऐवजी चिकटणारे कार्ड छापावे आणि ते यंत्राच्या कोरड्या बाजूला लावावे. बिघाड होतो तेव्हा माणूस डायरी शोधत नाही, यंत्राकडेच पाहत उभा राहतो.

शिंपी: प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाला वहीत क्रमांक द्या आणि तोच क्रमांक कार्डावर लिहून द्या. गिऱ्हाईक आखातात नोकरीला असले तरी फोनवर क्रमांक सांगून सुट्टीच्या आधी कुर्ता शिवून ठेवायला सांगू शकेल. कार्डावर फक्त क्रमांक लिहावा, माप नव्हे, हे कटाक्षाने पाळा. विशेषतः भगिनींची मापे वहीतच राहिली पाहिजेत.

मणियार: बांगडीच्या मापात अनेकांचा गोंधळ होतो. आपण ज्याला '२.४' म्हणतो ते २ इंच आणि इंचाचे ४ सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच. '२.६' म्हणजे २ इंच आणि ६ सोळांश, आणि '२.८' म्हणजे अडीच इंच. नेहमीचे कार्ड साडेतीन इंच लांब असते. त्याच्या लांब कडेवर इंच आणि सोळांश इंचाच्या खुणा छापून घ्या. गिऱ्हाइकाने घरची बसणारी बांगडी त्यावर ठेवून आतला व्यास मोजायचा आणि फोनवर माप सांगायचे. असे कार्ड बाई शिवणाच्या डब्यात ठेवील, टाकणार नाही. मात्र छापून आल्यावर खुणा पोलादी पट्टीवर ताडून पाहा. माप चुकीचे निघाले तर कार्ड नसलेले बरे.

अत्तरवाला: तुमचे कार्ड नाकाने वाचले पाहिजे! त्यासाठी गुळगुळीत चकचकीत कागद चालत नाही, तेल त्यावर पसरते. न चकाकणारा, तेल शोषणारा जाड कागद घ्या. एक कोपरा कोरा ठेवा आणि गिऱ्हाइकासमोर त्यावर अत्तराचा एक ठिपका लावून बाजूला अत्तराचे नाव लिहा. आधी लावून ठेवलेल्या गठ्ठ्यात सगळे वास एकमेकांत मिसळतात, म्हणून ठिपका देतेवेळीच लावावा. घरी गेल्यावर दोन तासांनी राहिलेला वास कसा आहे हे गिऱ्हाइकाला कळते. अत्तराची खरी परीक्षा तीच.

गादीवाला: कागद गादीवर टिकत नाही. कापडाची लहान पट्टी छापून घ्या आणि गादीच्या कोपऱ्यात शिवून टाका. त्यावर नाव, फोन आणि कापसाचे वजन. वजन लिहून देणारा गादीवाला गिऱ्हाइकाच्या विश्वासास लवकर पात्र होतो. अर्थात लिहिलेले वजन खरे असले पाहिजे.

येथे सर्व धंद्यांची यादी देता येणार नाही. एकच प्रश्न स्वतःला विचारा: "माझे काम झाल्यानंतर गिऱ्हाइकाला कोणती गोष्ट आठवत नाही?" त्याचे जे उत्तर येईल ते कार्डाच्या मागे लिहा.

छापताना घ्यावयाची काळजी

नेहमीचे कार्ड साडेतीन इंच बाय दोन इंच असते. ए.टी.एम. कार्डाचे माप याहून थोडे वेगळे, ८५.६ मिलिमीटर बाय ५४ मिलिमीटर. पाकिटाच्या कप्प्यात बसावे असे वाटत असेल तर हे दुसरे माप सांगा. मोठे, गोल किंवा विचित्र आकाराचे कार्ड पाहताना छान वाटते, पण कोठेच नीट बसत नाही.

कागद ३०० जी.एस.एम.च्या आसपास असला की कार्ड ताठ राहते. सर्वांत सामान्य चूक होते ती लॅमिनेशनमध्ये. छापखानेवाला दोन्ही बाजूंना चकाकी देतो आणि मग मागे बॉलपेनने काही लिहिताच येत नाही. म्हणून ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगा: पुढे लॅमिनेशन चालेल, मागची बाजू कोरी ठेवा. आधी नमुन्याच्या कार्डावर पेनाने लिहून बोटाने पुसून पाहा.

फोन नंबर पाच-पाच आकड्यांच्या दोन गटांत छापा, वाचताना चूक होत नाही. छपाईपूर्वी नमुना हातात घेऊन त्यावरील नंबर स्वतःच्या फोनवरून नव्हे, दुसऱ्याच्या फोनवरून लावून पाहा. घंटी आपल्याच खिशात वाजली पाहिजे. एका आकड्याच्या चुकीने हजार कार्डे वाया गेल्याची उदाहरणे प्रत्येक छापखान्यात ऐकायला मिळतील. नमुन्यावर सही करून दिली की ती चूक आपली ठरते.

"हजार घेतली तर स्वस्त पडतात" या मोहात पहिल्या वेळी पडू नका. ऑफसेटवर संख्या वाढली की दर उतरतो हे खरे, पण डिजिटल छपाईत शंभर कार्डेही मिळतात. समजा, शंभर कार्डांना ३०० रुपये पडले आणि हजार कार्डांना ९००. दर कार्डामागे पाहिले तर हजारांचा सौदा चांगला. पण दीडशे वाटून उरलेली साडेआठशे रद्दीत गेली तर एक कार्ड ६ रुपयांना पडले! आधी शंभर छापा, महिनाभर वापरा, चुका दुरुस्त करा, मग हजार छापा.

ज्यांचे काम हस्तकलेचे आहे त्यांनी हातकागदाचा विचार अवश्य करावा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आपल्या कागजी बांधवांनी हातकागदाची कला पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. असा कागद खडबडीत असतो, बारीक अक्षरे त्यावर फुटतात. म्हणून मजकूर थोडा आणि अक्षरे मोठी ठेवावीत. एका रंगाची स्क्रीन छपाई किंवा चांगला रबरी शिक्काही पुरतो. हिमरू विणणारा, वाद्ये बनवणारा, पुस्तकांची बांधणी करणारा यांच्या हातात असे कार्ड शोभून दिसते. एका कारागिराचा पैसा दुसऱ्या कारागिराच्या घरी जातो, हा लाभ वेगळाच.

क्यू.आर. कोड हवा का?

क्यू.आर. कोडचा शोध १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत लागला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. आज तो भाजीच्या गाडीवरही आहे. कार्डावर तो छापायचा असेल तर किमान दोन सेंटिमीटरचा ठेवा, पांढऱ्यावर काळा छापा आणि चारी बाजूंनी कोरी जागा सोडा. त्यातून व्हॉट्सॲपवर थेट आपल्याशी बोलणे सुरू होईल अशी जोडणी केली तर गिऱ्हाईक तुटलेल्या वस्तूचा फोटो लगेच पाठवू शकते. काही संकेतस्थळे असे कोड फुकट करून देतात आणि मुदत संपली की कोड बंद पडतो. छापण्याआधी याची खात्री करून घ्या.

पैसे घेण्याचा कोड मात्र कार्डावर छापण्याऐवजी गल्ल्यावरच ठेवावा. बँकेचे खाते बदलले की वाटलेली कार्डे परत घेता येत नाहीत. गल्ल्यावरच्या कोडवर कोणी दुसरा कागद तर चिकटवला नाही ना, हे रोज सकाळी दुकान उघडताना पाहावे. आणखी एक गोष्ट घरातल्या सर्वांना सांगून ठेवा: पैसे मिळवण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. कार्डावरचा नंबर पाहून "ॲडव्हान्स पाठवतो, पिन टाका" असे सांगणारा ठगच असतो.

घरी बसून शिवणकाम, मेंदी किंवा खाद्यपदार्थांचा धंदा करणाऱ्या भगिनींनी धंद्यासाठी वेगळा नंबर घ्यावा आणि कार्डावर घराचा पूर्ण पत्ता न देता मोहल्ल्याचे नाव द्यावे. पत्ता ऑर्डर पक्की झाल्यावर सांगता येतो.

काय छापू नये?

आपल्याकडे कार्डाच्या माथ्यावर ७८६ किंवा बिस्मिल्लाह छापण्याची, कोणी कोणी आयत छापण्याची पद्धत आहे. भावना चांगली आहे. पण कार्डाचे पुढे काय होते ते डोळ्यांसमोर आणा. ते रस्त्यावर पडते, पायाखाली येते, कचऱ्यात जाते. पवित्र मजकूर कागदावर छापून तो कोठेही पडू देण्यापेक्षा कामाचा आरंभ मनात बिस्मिल्लाह म्हणून करावा, कार्डावर फक्त कामाचे लिहावे.

राजमुद्रेचा सिंह, आय.एस.आय.चे चिन्ह किंवा औषधाच्या दुकानासाठी लाल क्रॉस परवानगीशिवाय छापणे कायद्याने गुन्हा आहे. मोठ्या कंपनीची मुद्रा तिच्या परवानगीशिवाय छापू नये. जी.एस.टी. नोंदणी असेल तर क्रमांक दुकानाच्या दर्शनी पाटीवर हवाच, कार्डावर त्याची सक्ती नाही.

"सर्व प्रकारची कामे केली जातील" ही ओळही काढून टाका. सर्व कामे करणाऱ्याला कोणी कोणत्याच कामासाठी बोलावत नाही. त्याऐवजी "जुन्या शिसवी फर्निचरची दुरुस्ती आणि पॉलिश" असे लिहिले तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या घरातली खुर्ची येते. मराठी एका बाजूला ठळक असावी. गिऱ्हाईक पाहून दुसरी भाषा, उर्दू किंवा इंग्रजी, जोडावी. तीन भाषा एकाच बाजूला कोंबू नयेत. नावाची अक्षरे पाटीवर, पावतीवर आणि कार्डावर एकसारखीच असावीत.

कोणी द्यायचे आणि हिशेब कसा ठेवायचा?

तुमचे कार्ड तुम्ही देण्यापेक्षा दुसऱ्याने दिले तर त्याचे वजन दुप्पट होते. रंगाऱ्याने आपली कार्डे हार्डवेअरच्या दुकानात ठेवावीत, शिंप्याने कापडवाल्याकडे, केटरिंगवाल्याने मंडपवाल्याकडे. पण नुसता गठ्ठा ठेवू नका. दुकानदाराला विचारून दहाच कार्डे द्या आणि त्याचीही दहा कार्डे आपल्याजवळ ठेवा. दुकानदाराला दलाली द्यायची असेल तर रक्कम आधी ठरवा आणि काम झाल्याच्या दिवशी चुकती करा. या बाबतीत टाळाटाळ करणाऱ्याची कार्डे दुसऱ्या दिवसापासून गल्ल्याखाली जातात.

प्रत्येक ठिकाणी ठेवलेल्या कार्डांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करा: हार्डवेअरवाल्याकडे 'ह', मंडपवाल्याकडे 'म'. नवा फोन आला की नम्रपणे विचारा, "साहेब, कार्ड कोठे मिळाले? कोपऱ्यात कोणते अक्षर आहे?" वहीत तीन रकाने ठेवा: अक्षर, किती फोन, किती कामे. समजा, तीन महिन्यांत 'ह'च्या तीस कार्डांवर सहा फोन आणि दोन कामे आली, आणि लग्नात वाटलेल्या शंभर कार्डांवर एकही फोन आला नाही. मग पुढची कार्डे कोठे जायला हवीत हे कोणाला विचारावे लागणार नाही.

एवढे आजच करा

आज दुकान बंद करताना गल्ल्याखालचा जुना गठ्ठा बाहेर काढा. नंबर बरोबर असेल तर नवी छपाई नको. मागची बाजू कोरी असेल तर तिच्यावर तारीख आणि कामाची नोंद लिहिण्यासाठी दोन ओळींचा रबरी शिक्का करून घ्या. मग मागच्या वर्षभरात केलेल्या कामांपैकी चांगली दहा कामे निवडा आणि त्या दहा घरी जा. "काम कसे चालले आहे, काही त्रास तर नाही ना?" एवढेच विचारा. कुठे बिजागरी सैल असेल तर घट्ट करून द्या, पैसे मागू नका. निघताना काम केलेल्या जागी आपले कार्ड नीट चिकटवून या.

ज्या कामावर आपले नाव लावायचे आहे ते काम माणूस निष्काळजीपणे करत नाही. कार्डाचा हाही एक उपयोग आहे, आणि तो गिऱ्हाइकाच्या आधी कारागिराच्याच पदरात पडतो.